बाकी संध्याकाळी

इसाकभाईंनी पहिल्याच दिवशी सकाळी मला एका प्रेताजवळ सोडून दिलं.

म्हणजे असं. दाभोळच्या खाडीतून एक होडी चालली होती. होडीत तीन माणसं आणि एक लांबट पेटी. पेटीत काय आहे ते तिघांनाही ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं. धुकं इतकं दाट की वल्हं पाण्यात पडलेलं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ऐकता ऐकता तिघांच्याही लक्षात आलं, वल्ही दोन आहेत आणि आवाज तीन वल्ह्यांचा येतोय. शेवटी किनारा लागला. पहिला उतरला. दुसरा उतरला. तिसरा उतरला. आणि त्यांच्या मागून होडीतून चौथा...

"उतरा, साइट आली," इसाकभाई म्हणाले आणि कोस्टर मिनीबसचं दार फुस्स करून उघडलं.

मी म्हटलं, "चौथा कोण?"

"बाकी संध्याकाळी."

आयुष्यात पहिल्यांदा परदेशी नोकरीवर रुजू होत होतो, हातात सर्टिफिकेटांची फाइल, समोर वाळूत उभ्या शंभर क्रेन, आणि डोक्यात होडीतून उतरणारा चौथा माणूस. दिवसभर मी कोणाकोणाची ओळख करून घेतली ते मला आजही आठवत नाही.

थुवालला समुद्रकाठी एका मोठ्या विद्यापीठाचं काम चाललं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही राहायला जेद्दाला, कंपनीच्या बिल्डिंगीत. सकाळी कोस्टरने तासाभराचा रस्ता, संध्याकाळी तेवढाच परत. डावीकडे मधूनच दिसणारा समुद्र, उजवीकडे काहीच नाही, आणि दर थोड्या वेळाने मदिन्याचा रस्ता दाखवणारी हिरवी पाटी. आमच्या कोस्टरमध्ये योगायोगाने सगळी महाराष्ट्रातली मंडळी होती आणि ड्रायव्हर होते इसाकभाई. रत्नागिरीच्या खाली खाडीकाठी त्यांचं गाव. शिडशिडीत, पांढरी दाढी नीट कातरलेली, मागच्या आरशात सतत एक डोळा. मला वाटे रहदारीसाठी असेल. तो आमच्यासाठी होता.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मी मिरजेचा. कॉलेजात असल्यापासून अंधश्रद्धेविरुद्धच्या कामात आहे. अंगात येणाऱ्या बाबांसमोर उभं राहून प्रश्न विचारलेत, भानामतीच्या गावांतून सभा घेतल्यात, पत्रकं लिहिलीत आणि बाजाराच्या दिवशी हातोहात वाटलीत. सौदीला निघताना बॅगेत तळाशी ठेवलेली पत्रकं आईने विमानतळावर काढून घेतली. "तिथे असलं काही करशील तर मी काय तोंड दाखवू," म्हणाली. म्हणून मी गप्प राहायचं ठरवून आलो होतो. आणि रोज दोन तास मला एका भुताच्या प्रचारकाबरोबर बंद गाडीत बसवण्यात आलं.

संध्याकाळी मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो. विरोध नोंदवायला. चौथा माणूस कोण ते ऐकायला नव्हे.

"इसाकभाई, हे तुम्ही जे सांगता ते खोटं आहे."

"खोटं कसं? छापलेलं हाय."

"छापलेलं सगळं खरं नसतं."

"असं?" त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करायचात म्हणालात गावाला? पत्रकं छापायचात ना?"

मागे सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रकवाले' पडलं ते कायमचं.

छापलेलं म्हणजे एका स्कॉटिश लेखकाचं पुस्तक. त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली. इसाकभाई त्याचं नाव कधीच घेत नसत. 'आपला गोष्टवाला' म्हणत, जणू शेजारच्या वाडीतला. पूर्वी ते दम्मामला असताना एका म्हाताऱ्या स्कॉटिश इंजिनियरची गाडी चालवायचे. त्या इंजिनियरला रस्त्यात बोलायला माणूस लागे आणि इसाकभाईंना इंग्रजी पक्कं करायचं होतं. त्याने गोष्टवाल्याचं आयुष्य सांगितलं, गोष्टी सांगितल्या, आणि मायदेशी परत जाताना पुस्तक गाडीतच ठेवून गेला. इसाकभाईंनी ते शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं, पाठ केलं, आणि एका सुटीत घरी कपाटात नेऊन ठेवलं.

पाठ केलं म्हणजे आपल्या पद्धतीने. स्कॉटलंडचे सगळे डोंगर त्यांनी उचलून कोकणात आणले होते. तिथला पाद्री इथे मशिदीतला खतीब झाला. बर्फाचं धुकं झालं. आणि त्या गोष्टींमध्ये जिथे जिथे दारू होती, तिथे तिथे इसाकभाईंनी काळा सुलेमानी चहा ओतला होता. त्यांच्या गोष्टीतले खलाशी सुलेमानी पिऊन झिंगत. एक मनुष्य सुलेमानीच्या नादाने बायकामुलांना देशोधडीला लावतो. एकाचा खून सुलेमानीच्या नशेत होतो.

"चहाने माणूस झिंगत नाही," मी म्हणायचो.

"कडक होता," इसाकभाई म्हणायचे.

गोष्टीचं आणि गाडीचं गणित मात्र पक्कं. गोष्ट रंगायला लागली की कोस्टरचा वेग कमी होई. कोणी पाय वाजवले की पुन्हा वाढे. आणि कितीही लांबवली, कितीही आखडली, तरी साइटचं फाटक आलं की गोष्ट कड्याच्या टोकावर उभी असे. सिक्युरिटीवाला आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, बघायला आत यायचा आणि बघायचा तर मोठमोठे इंजिनियर तोंडं उघडी टाकून बसलेले. मग इसाकभाई मागे वळून एकच प्रश्न विचारत, "कुठं दचकलात?"

हे मला सगळ्यांत जास्त खटकायचं. माणसं घाबरवायची ती घाबरवायची, वर पावती मागायची. आणि लोक इमानदारीने सांगत. कोणी म्हणे, कडी वाजली तिथे. कोणी म्हणे, कुत्रं मागे सरकलं तिथे. इसाकभाई मान हलवत, मनात कुठेतरी टिपून घेत आणि दार उघडत. फुस्स.

गोष्टवाल्याच्या आयुष्याबद्दल ते बोलत तेव्हा मात्र वेग तोच राही. बाप आणि आजा दीपगृहं बांधणारे, सगळ्या किनाऱ्यावर त्यांचे दिवे. हा मुलगा छातीने अधू. लहानपणी अंथरुणाला खिळलेला, आणि सांभाळणारी दाई त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची.

"बघा," मी म्हटलं, "लहान मुलाच्या मनावर काय परिणाम झाला."

"झाला ना. गोष्टवाला झाला."

थंडी सोसेना म्हणून तो ऊब शोधत देशोदेशी फिरला. शेवटी पार पृथ्वीच्या टोकाला एका बेटावर घर केलं. तिथले लोक त्याला गोष्टी सांगणारा म्हणूनच ओळखत. आणि चाळिशी ओलांडली न ओलांडली तो गेला.

"घरापासून लांब मेला बिचारा," मागून टिळेकर म्हणाले. टिळेकर आमचे सेफ्टी इंजिनियर.

"लांब कुठं?" इसाकभाई म्हणाले. "बायकोबरोबर जेवणाची तयारी करत होता. बोलता बोलता गेला. बायको बाजूला उभी होती. मंग लांब कुठं?"



एका शुक्रवारी दुपारी मी बिल्डिंगच्या जिन्यात उभा होतो. वरच्या गच्चीवरून इसाकभाईंचा आवाज येत होता. जुम्म्याची नमाज झाली की ते टेलिफोनचं कार्ड घासून घरी फोन लावत, एवढं ठाऊक होतं. मला ऐकायचं नव्हतं, पण आवाज ओळखीचा निघाला. कोस्टरमधला.

"...आणि दाराची कडी वाजली," इसाकभाई सांगत होते. "एकदा. मंग थांबली. आता ऐक जुबेदा, घरात तर कोणीच नव्हतं. मंग कडी आतून कशी... जुबेदा? हां, कार्ड संपत आलं. बाकी पुढच्या शुक्रवारी. हां. नाय नाय, आता नाय सांगत. शुक्रवारी."

कडी वाजली तिथे मंगळवारी आमचे टिळेकर दचकले होते.

मी जिन्यातच बसलो. हा मनुष्य आठवडाभर आमच्यावर तालीम करत होता. आम्ही कुठे दचकतो ते बघून, बरोबर तिथे, कार्ड संपायच्या आत, शुक्रवारी बायकोला थांबवत होता.

ते खाली आले आणि मला बघून जरासे वरमले. मी सरळ विचारलं. आडून विचारणं मला जमत नाही.

"बायकोला भूत-बीत सांगता? ती तिथे एकटी."

"मंग काय सांगू?" ते पायरीवर बसले. "बावीस वर्षं झाली. दोन वर्षांनी दोन महिने जातो. फोनवर काय बोलायचं? पैसे पोचले? पोचले. पाऊस हाय? हाय. आंबा कसा हाय? बरा हाय. झालं. कार्ड तर अजून अर्धं शिल्लक. मंग दोघं गप्प. त्या गप्प राहण्याचे पण पैसे कापतात ओ." त्यांनी संपलेलं कार्ड बोटांत फिरवलं. "एकदा सहज गोष्ट लावली. मध्येच कार्ड संपलं. पुढच्या शुक्रवारी मी फोन केला तर पहिलंच वाक्य तिचं, मंग पुढं काय झालं? आधी कधी फोनची वाट बघायची की नाय, मना माहीत नाय. तेव्हापासून बघते."

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. बावीस वर्षांत दोन वर्षंसुद्धा संसार न झालेली माणसं आपल्याकडे गावंच्या गावं आहेत, त्यावर कोणी सभा घेत नाही, मीही घेतलेली नव्हती. मी एवढंच म्हटलं, "निदान कमी भीतीदायक सांगा."

"तिला आवडतं," इसाकभाई म्हणाले. "शिकलेली नाय ती. पण दचकायला शिकायला लागत नाय."

मग दीपगृहाची गोष्ट लागली आणि सगळं बिघडलं.

समुद्रात एका खडकावर दीपगृह. तिथे एकटा राखणदार. बायको किनाऱ्यावर गावात. मध्ये पाणी एवढं खवळलेलं की महिनोन्‌महिने होडी जात नाही. दोघांचं ठरलेलं. अंधार पडला की तिने खिडकीत एक दिवा लावायचा. तो दिसला की याने समजायचं, सगळं ठीक आहे. रोज दिवा दिसे. पावसात दिसे, वादळात दिसे. राखणदार दीपगृहाच्या जिन्याने वर चढायचा, मोठी वात लावायचा आणि तिकडे बघायचा. मग एके दिवशी वारा पडला, गावातून होडी आली. होडीवाले खाली मान घालून उभे. म्हणाले, तुझी बायको जाऊन महिना झाला. राखणदार म्हणाला, अरे पण दिवा तर मी कालसुद्धा पाहिला. होडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घराला तर आम्ही बाहेरून कुलूप लावलंय, म्हणाले. मग तो दिवा...

"उतरा, साइट आली."

त्या दिवशी कोणी उतरेना. सिक्युरिटीवाल्याने दोनदा यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला केलं. टिळेकर तर सीटचा दांडा धरून बसले होते. हा सहा फुटी, मिशाळ माणूस सबंध साइटला हेल्मेटवरून दम देणारा. त्या सकाळी त्यांना पाइपांच्या भुयारात तपासणीला जायचं होतं. भुयाराचा जिना गोल, दीपगृहासारखा. टिळेकर चार पायऱ्या उतरले. खाली लांबवर, अंधारात, एक दिवा दिसला. कुणा वेल्डरचा होता. टिळेकर तसेच उलटे वर आले आणि भुयार त्या दिवसापुरतं बंद करून टाकलं.

इथवर ठीक होतं. पण सेफ्टीच्या माणसाला एक सवय असते. काम थांबलं की 'मूळ कारण' लिहायचं. टिळेकर मुळात प्रामाणिक. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, हवा कमी होती, प्रकाश अपुरा होता. टिळेकरांनी लिहिलं, "मूळ कारण: ड्रायव्हरने सांगितलेली गोष्ट अपूर्ण राहिली. उपाय: गोष्ट पूर्ण करावी."

तो कागद ट्रान्स्पोर्टचे साहेब अबू सामी यांच्यापर्यंत गेला. अबू सामी वाईट माणूस नव्हता, पण बंद घरात दिवा लागतो हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. इकडे भूत, जिन, जादू ही चेष्टेची गोष्ट नाही. कुणी वर कळवलं असतं तर प्रकरण कुठल्या कुठे गेलं असतं. त्याने इसाकभाईंना बोलावलं आणि तिथल्या हिंदी-अरबी खिचडीत हुकूम सोडला. "कलाम जिन माफी." जिनांबद्दल बोलणं बंद. पुन्हा कानावर आलं तर हफ्र अल बातिनला बदली, पाण्याच्या टँकरवर. एकटा माणूस, एकटी गाडी, चहूकडे वाळवंट. खलास.

म्हणजे मी पहिल्या दिवसापासून जे मागत होतो ते मला मिळालं. आणि मी संतापलो. असा संतापलो की मलाच नवल वाटलं. भुताला विरोध म्हणजे भूत नाही हे सांगणं. भूत आहे म्हणून गोष्ट बंद करणं ही कसली रीत? जो हुकूम काढतो तोच घाबरलेला, आणि शिक्षा कोणाला, तर ज्याने कधी एक ताईतही विकला नाही त्याला. मी त्याच संध्याकाळी दोन पानी निवेदन लिहिलं. मथळा होता, 'गोष्टीला घाबरणाऱ्या व्यवस्थेचा जाहीर निषेध'. सकाळी इसाकभाईंच्या हातात दिलं.

त्यांनी ते शांतपणे वाचलं. घडी घातली. त्या घडीने पुढच्या काचेवरची धूळ पुसली.

"हे दिलंत तर मी हफ्र अल बातिनला नाय जाणार," ते म्हणाले. "सरळ रत्नांग्रीला. आणि तुम्ही मिरजेला. बसा."

कोस्टर गप्प झाली. तासभर जायचं, तासभर यायचं, आणि एसीचा आवाज. टिळेकर अपराध्यासारखे खिडकीतून बघत. फाटकावर इसाकभाई मागे वळत नसत. दार उघडत, बस. मला सगळ्यांत वाईट वाटलं ते शुक्रवारचं. मी मुद्दाम जिन्यात गेलो.

"पैसे पोचले? ... हां. पाऊस? ... हां. ... नाय, आज गोष्ट नाय. ... असंच. फोनवर कोण ऐकत असतं कोणास ठाऊक. नोकरीचा सवाल हाय. ... हां. ... ठेवू?"

नंतर बराच वेळ काही नाही. त्यांनी ठेवला नव्हता. दोघंही धरून बसले होते, बहुतेक.

असे पाच-सहा शुक्रवार गेले. फोन लहान लहान होत गेला. एकदा तर कार्ड अर्धं उरलं म्हणून त्यांनी मला देऊ केलं.

पुढे माझी सुटी आली. सौदीहून सुटीवर निघालेल्या माणसाच्या दारात आदल्या दिवशी अख्खी बिल्डिंग येते. कोणाचा खजूर, कोणाचं ब्लँकेट, कोणाच्या आईचं औषध. स्वतःचे कपडे काढून दुसऱ्यांचं सामान भरावं लागतं, आणि नाही म्हणायची पद्धत नाही. इसाकभाई सगळ्यांत शेवटी आले. दुधाच्या पावडरचा डबा, खजूर, आणि एक चार्जिंगचा दिवा. गावाला तेव्हा लोडशेडिंग चाललेलं.

"मिरजेहून रत्नांग्री तुम्हाला आडवाट हाय," ते म्हणाले.

"येईन जाऊन."

"नुसतं द्या. बसू नका. ती विचारील गोष्टीचं. तुम्हाला पण पुढचं माहीत नाय. उगाच दोघांना त्रास."

मी अर्थातच बसलो. खाडीकाठचं कौलारू घर, पुढे ओटा, शेजारच्या वाडीतून नारळ पडल्याचा आवाज. जुबेदाभाभी इसाकभाईंच्याच वयाच्या, ठेंगण्या, हसऱ्या. त्यांनी मला भाऊ म्हणून वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण, आणि वर नको नको म्हणताना आणखी भाकरी. मी दिवा दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि खिडकीत ठेवला.

"गोष्ट का थांबवली यांनी?" त्यांनी विचारलं. "बरे हायत ना ते?"

मी सगळं सांगितलं. टिळेकर, भुयार, अबू सामी, टँकर. त्या ऐकत राहिल्या आणि टिळेकरांच्या मूळ कारणाशी आल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या.

"म्हणजे आजारी नायत," त्या म्हणाल्या. "मना वाटलं, कंटाळले."

"तुम्हालाही चुकल्यासारखं होत असेल," मी म्हटलं. "दिवा कोण लावत होतं तेच कळलं नाही."

त्या उठल्या. आतलं कपाट उघडून एक जाड पुस्तक घेऊन आल्या. कव्हरचे कोपरे गेलेले, मधून मधून पानांवर वाळूचे कण.

"माझी पुतणी कॉलेजात हाय," त्या म्हणाल्या. "मागं एका पावसाळ्यात राहायला होती. तिच्याकडून सगळं अर्थासकट वाचून घेतलं. पहिल्यापासून शेवटापर्यंत."

मी हातातला भाकरीचा घास ताटात परत ठेवला.

"तुम्हाला सगळ्या गोष्टी माहीत आहेत?"

"सगळ्या."

"आणि दर शुक्रवारी विचारता, पुढं काय झालं?"

"मंग काय विचारू? पाऊस?"

भानामतीवाल्यांचे डाव मी मिनिटात पकडले आहेत. इथे वर्षानुवर्षं एक बाई समुद्रापलीकडे बसलेल्या नवऱ्याला दर आठवड्याला फसवत होती आणि मला त्याचा संशयसुद्धा आला नव्हता.

"आणि एक सांगू?" त्या पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाल्या. "यात सगळे मरतात. तो गोष्टवाला कोणाला सोडत नाय. होडीतले तिघं मरतात. कडीवाला मरतो. दीपगृहाचा राखणदार पण. तो त्या दिव्याकडे निघतो, एकटा, होडी घेऊन, आणि पोचत नाय. असं छापलंय." त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. "आमचे हे फोनवर सांगतात तेव्हा कोणी मरत नाय. सगळे घरी पोचतात. दरवेळी. मी आपली विचारते, खरंच पोचला? तर म्हणतात, हां, छापलेलं हाय."

तेवढ्यात वीज गेली. जुबेदाभाभींनी बसल्या जागेवरून हात लांब करून खिडकीतला दिवा लावला.

निघताना त्यांनी मला ओट्यावर थांबवलं. "यांना पुस्तकाचं सांगू नका, भाऊ. एवढंच सांगा, विचारत होती, दिवा कोण लावत होतं."

मी कधी खोटं बोलत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

"खोटं कुठं? मी विचारतेच हाय की."

परत आल्यावर पहिल्या सकाळी मी पुढच्या सीटवर बसलो. जेद्दा मागे पडलं, समुद्र दिसायला लागला तेव्हा इसाकभाईंनी विचारलं,

"घरी बसलात?"

"बसलो. जेवलो."

"गोष्टीचं?"

"विचारत होत्या, दिवा कोण लावत होतं."

त्यांनी गिअर बदलला. गरज नसताना. त्या शुक्रवारी मी जिन्यात गेलो नाही, पण फोन किती वेळ चालला ते मला खोलीतून कळलं. गच्चीवर फेऱ्या मारल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

शनिवारी मदिन्याची पहिली पाटी गेल्यावर इसाकभाईंनी घसा साफ केला. मागे सगळे एकदम सरळ बसले.

"अबू सामीने जिनाचं बंद केलंय," ते म्हणाले. "यात जिन नाय. म्हणजे ऑर्डर मोडत नाय. टिळेकर साहेब, ऐकून ठेवा, पुन्हा लिहू नका." आणि मग, "तर राखणदार होडी घेऊन निघाला. दिव्याकडे. समुद्र असा, की..."

वेग कमी झाला नाही. त्यांनी कुठे थांबवलंही नाही. राखणदार लाटांतून गेला, खडकांवर आपटता आपटता वाचला, घराशी पोचला, कुलूप तोडलं. आत बायको. जिवंत. होडीवाल्यांनी दुसऱ्याच घराची खबर आणली होती. नाव सारखं, गाव सारखं, घर चुकलं, कुलूपही चुकून हिच्याच दाराला लागलं. ती घाबरून मागच्या दाराने ये-जा करायची आणि रोज दिवा लावायची.

"आणि मंग?" कोणीतरी म्हणालं.

"मंग काय. त्याने सुलेमानी घेतला. घरी पोचला ना."

गोष्ट संपली. साइटचं फाटक अजून दूर होतं. असं कधीच झालं नव्हतं. माणसांना काय करावं कळेना.

"बस?" टिळेकर म्हणाले. "भूत नाहीच? मी त्या जिन्यात उगाच..." ते माझ्याकडे वळले. "पत्रकवाले, तुमच्या मनासारखं झालं. पण काय हो इसाकभाई, हे खरंच असं आहे? की अबू सामीला भिऊन बदललंत?"

"छापलेलं हाय," इसाकभाई म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता.

"कोणी पाहिलंय?"

इसाकभाईंचा एक डोळा आरशात होता, माझ्यावर. मी आजवर छापलेल्या शब्दाची जेवढी चिरफाड केली, तेवढी कोणी केली नसेल.

"मी पाहिलंय," मी म्हटलं. "त्यांच्या घरी पुस्तक आहे. असंच छापलंय."

इसाकभाई आरशातून बघतच राहिले. रस्ता सरळ होता म्हणून बरं. मग त्यांनी डोळा काढून पुढे लावला आणि फाटक येईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

इकामे तपासून झाले. दार उघडलं. सगळे उतरले, मी शेवटी. पायरीवर असताना मागून त्यांचा आवाज आला, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असा.

"कुठं दचकलात?"

"बाकी संध्याकाळी," मी म्हटलं.